१९१६ चे विद्यार्थी

प्राणिमात्राची हिंसा करू नये, असे एक श्रुतिवचन सांगते. दुसरे वचन सोमयागात अग्नी आणि सोम या देवतांसाठी पशू द्यायला सांगते. दोन्ही वचने वेदाचीच. मग यज्ञात बकरा मारणाऱ्याला पाप लागते की नाही?

मीमांसक म्हणतो, लागत नाही. हिंसेची मनाई सर्वसाधारण आहे, यज्ञाची आज्ञा विशेष आहे, आणि विशेषापुढे सामान्याने माघार घ्यायची असते. सांख्य म्हणतो, दोन्ही वचने आपापल्या जागी खरी. बकऱ्यामुळे यज्ञ पुरा होतो आणि मारणाऱ्याला पापही लागते. मीमांसकाचे उत्तर वकिलाला आवडेल असे आहे. सांख्याचे उत्तर मात्र झोप उडवते, कारण करायला हवे ते करूनही हात स्वच्छ राहत नाहीत, असे ते सांगते. १९६५ मध्ये बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाने जवळपास हाच मुद्दा मांडला: दोन कर्तव्यांची टक्कर झाली आणि एक पाळले, तरी मोडलेले दुसरे मनात सल ठेवून जाते. त्याच्या लेखात यज्ञ नाही आणि बकराही नाही, पण पेच तोच आहे.

असल्या पेचांवर दिवसचे दिवस घासाघीस करणारी मुले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाईत होती. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती आणि ‘दक्षिण काशी’ हा लौकिक असलेले हे गाव. नारायणशास्त्री मराठे तिथे आधीपासून शिकवत होते. १९१६ मध्ये त्यांच्या अध्यापनाला संस्थेचे रूप आले आणि प्राज्ञपाठशाळा उभी राहिली. पुढे १९३१ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि ते केवलानंद सरस्वती झाले.

पाठशाळा म्हटले की पाठांतराचा गजर डोळ्यांपुढे येतो. मीमांसेचा वर्ग निराळा. तिथे प्रत्येक वादाला पाच पायऱ्या असतात: विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष आणि निर्णय. यातला पूर्वपक्ष म्हणजे विरोधकाची बाजू. ती लंगडी करून मांडली तर गुरुजी आधी तिलाच मजबूत करायला लावतात. न पटणारे मत त्या मताच्या माणसापेक्षा चांगले मांडता आले पाहिजे, अशी ही शिस्त. 

ही शिस्त नुसत्या यज्ञापुरती उरणार नव्हती, याचे एक कारण तेव्हाची हवा. टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यातले ‘कर्मजिज्ञासा’ हे प्रकरण म्हणजे नैतिक पेचांचा संग्रहच आहे. दुष्काळात कुत्र्याची तंगडी चोरणारा विश्वामित्र तिथे भेटतो, आणि शेक्सपिअरचा हॅम्लेटही. पुढे ‘आधिभौतिक सुखवाद’ या प्रकरणात बेंथॅम आणि मिल यांची झडती घेतली आहे. अधिकांचे अधिक सुख मोजायचे कोणत्या मापाने, हा विलायती प्रश्न मराठीत, गीतेच्या चर्चेत येऊन बसला होता. कॉलेजात इंग्रजीतून नीतिशास्त्र शिकणारा आणि मठात शंकराचार्यांचे भाष्य लावणारा, दोघांच्या बाकावर एकच जाडजूड मराठी पुस्तक आले.

१९१७ मध्ये वाईला असाच एक विद्यार्थी आला. इंटरच्या परीक्षेसाठी बडोद्याहून मुंबईला निघालेला, वाटेत सुरतेला गाडीतून उतरून काशीला गेलेला, आणि तिथून गांधींच्या आश्रमात पोचलेला विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा. गांधींची रजा घेऊन तो नारायणशास्त्र्यांकडे शिकायला आला. उपनिषदे, ब्रह्मसूत्रांवरचे शांकरभाष्य, गीता, योगसूत्रे, मनुस्मृती असा त्याचा अभ्यास.

काशीतला त्याचा एक किस्सा विनोबांनीच पुढे सांगितला आहे. घाटावर द्वैती आणि अद्वैती पंडितांची सभा भरली, वाद रंगला आणि अध्यक्षांनी अद्वैतवाद्यांच्या बाजूने कौल दिला. तेव्हा या विशीतल्या पोराने उठून सांगितले की अद्वैतवादी तर हरले. सगळे एकच आहे असे मानणारा माणूस दुसऱ्याशी वाद घालायला उभा राहिला, तेव्हाच त्याने दोन मान्य केले. तर्काच्या काट्यावर या युक्तिवादात फट सापडेल, पण त्यातला खट्याळपणा नाकारता येत नाही.

वाईत त्याने विद्यार्थी मंडळ काढले. वाचनालय हवे होते आणि पैसे नव्हते, म्हणून मुले जात्यावर बसली. लोकांचे धान्य दळून द्यायचे आणि येईल ती मजुरी पुस्तकांना लावायची. त्यातून सुमारे चारशे पुस्तके जमली. दळण म्हणजे बायकांचे काम, तेही पहाटेचे, आणि इथे ब्राह्मणांचे मुलगे खुंटा धरून बसलेले. जुन्या वळणाच्या वाईने त्यांना वेड्यात काढले.

शिकणाऱ्या मुलांची जुनी रीत या दळणाहून निराळी होती. शास्त्र शिकायला परगावी आलेला गरीब मुलगा एकतर माधुकरी मागायचा किंवा वार लावून जेवायचा. वार लावणे म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी वाटून घेणे: सोमवारी अमक्यांकडे, मंगळवारी तमक्यांकडे. एखादे घर सुटले की त्या दिवशी उपास. कित्येक पिढ्यांची विद्या या व्यवस्थेवर उभी राहिली. कैक नामवंतांनी आपल्या आठवणींत तिच्याविषयी कृतज्ञता लिहिली आहे, तसा पंगतीच्या कडेला बसण्याचा अपमानही. पण ज्या मुलाला दारात उभेच राहू देत नाहीत, त्याने कोणाकडे वार लावायचा? ही रीत कोणाला जेवू घालत होती तेवढेच आठवणींत येते. कोणाला घालत नव्हती, हे त्या आठवणी लिहिणाऱ्यांच्या सहसा ध्यानात आलेले नाही.

प्राज्ञपाठशाळा निघाली त्याच १९१६ मध्ये खानदेशात अमळनेरला निराळाच प्रयोग सुरू झाला. बोरी नदीकाठचे हे गाव सखाराम महाराजांच्या वाडीसाठी आणि वैशाखातल्या यात्रेसाठी वारकऱ्यांत प्रसिद्ध. श्रीमंत प्रताप शेठ यांची तिथे कापडगिरणी होती. शेठजींना वेदान्ताची ओढ. त्यांनी तत्त्वज्ञान मंदिर काढले, पदवीधरांना शिष्यवृत्त्या दिल्या, आणि काम सांगितले ते अद्वैताचा अभ्यास करण्याचे. वार नाही, माधुकरी नाही. राहायला खोली, दरमहा पैसे आणि भरपूर ग्रंथ. गिरणीच्या भोंग्यावर कामगार कामाला जात, आणि त्याच गिरणीच्या नफ्यावर जवळच कोणीतरी जग मिथ्या कसे यावर टिपण लिहीत बसे.

या विसंगतीवर हसणे सोपे आहे. पण हे मंदिर नुसते धनिकाचे कौतुक नव्हते. सिंधहून आलेले घनश्यामदास मलकानी तिथे स्थिरावले. १९२५ पासून त्यांच्या संपादनाखाली ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक अमळनेरहून निघू लागले आणि तालुक्याच्या या गावाचे नाव देशभरच्या तत्त्वज्ञान विभागांना परिचित झाले. १९३३ ते ३५ या काळात कृष्णचंद्र भट्टाचार्य इथे संचालक होते. आधुनिक भारतीय तत्त्वज्ञानात त्यांच्याइतका खोल आणि त्यांच्याइतका अवघड लेखक शोधावा लागेल. १९३३ मध्येच मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून ‘अज्ञान’ नावाचे पुस्तक काढले. एका घरात राहणारे, एकच शास्त्र अभ्यासणारे तिघे, आणि अविद्या म्हणजे काय यावर तिघांचे जुळत नाही. मग प्रत्येकाने आपले म्हणणे लिहिले आणि एकमेकांचे खोडले. मूर्तींनी पुढे ज्या ग्रंथामुळे नाव मिळवले तो १९५५ चा ग्रंथ नागार्जुनाच्या माध्यमिक बौद्ध तत्त्वज्ञानावर आहे. अद्वैतासाठी बांधलेल्या घरात काही वर्षे काढलेला माणूस शून्यवादाचा मोठा भाष्यकार झाला. शेठजींनी उत्तर ठरवून पैसे दिले होते, मुलांनी प्रश्न उचलला.

असेच आणखी एकाने केले. कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढचे साने गुरुजी, या मंदिरात तत्त्वज्ञान शिकायला आले. शिक्षणासाठी अर्धपोटी हिंडलेल्या या तरुणाला इथे प्रथमच निवांतपणा मिळाला असेल, पण तो त्यात रमला नाही. १९२४ मध्ये गावातल्याच प्रताप हायस्कूलमध्ये त्यांनी शिक्षकाची नोकरी धरली, वसतिगृहाची जबाबदारी घेतली आणि मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढू लागले. मुलांची अंथरुणे आवरणारा, त्यांचे कंदील पुसणारा हा शिक्षक अद्वैत सोडून गेला होता, असे मात्र नाही. त्यांच्या ‘भारतीय संस्कृती’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण अद्वैतावर आहे, आणि तिथे ते ब्रह्म-मायेच्या सिद्धतेत न शिरता थेट माणसामाणसांतल्या भेदांवर येतात. सर्वांत एकच तत्त्व आहे म्हणणारा समाज शिवाशीव पाळतो कशी? मंदिरातल्या चर्चेत हा प्रश्न कदाचित ‘व्यवहार’ या सदरात ढकलला गेला असता. सान्यांनी तोच पुढे आणला.

तिसरी जागा महाराष्ट्रापासून फार दूर आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने भारतातल्या जातींवर निबंध वाचला. मुंबईत शाळेत असताना त्यांना संस्कृत घ्यायचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसीवर समाधान मानावे लागले. म्हणजे वाईच्या वर्गातले पूर्वपक्ष-उत्तरपक्ष त्यांच्या वाट्याला यायचे नव्हतेच. कोलंबियात त्यांचा खर्च सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीतून चाले: महिना साडेअकरा पौंड, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची चाकरी करण्याचा करार. तो करार पाळायला ते १९१७ मध्ये बडोद्याला आले, तेव्हा मोठ्या हुद्द्याच्या या अधिकाऱ्याला गावात राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले.

कोलंबियात ते जॉन ड्युई यांच्या वर्गात बसले होते. ड्युई आणि टफ्ट्स यांच्या १९०८ च्या नीतिशास्त्रावरील पाठ्यपुस्तकात नियम आणि तत्त्व यांत एक भेद केला आहे. नियम सांगतो, अमुक परिस्थितीत अमुक कर. तत्त्व एवढेच सांगते की निवड करताना कशाचा विचार कर. निवड माणसाची, म्हणून जबाबदारीही त्याची. पाठ्यपुस्तकातला हा परिच्छेद हजारो अमेरिकन विद्यार्थ्यांनी परीक्षेपुरता वाचला असेल. आंबेडकरांनी तो वीस वर्षे जवळ बाळगला. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बोलावून मग रद्द केलेले भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वखर्चाने छापले, आणि त्याचा एक कणा हाच भेद आहे. हिंदू ज्याला धर्म म्हणतात तो नियमांचा साठा आहे, त्यात तत्त्वाला जागा नाही, असा त्यांचा आरोप. आधार म्हणून त्यांनी नेमका जैमिनी काढला: विधिवाक्याने दाखवलेले इष्ट म्हणजे धर्म, ही पूर्वमीमांसेची व्याख्या.

म्हणजे ज्या शास्त्राच्या वर्गाचे दार त्यांना बंद होते, त्याच्या पायाच्या सूत्रावरच त्यांनी बोट ठेवले. आरोप खोडायला सोपा नाही. दोन विधींच्या भांडणात कोणता वरचढ, हे मीमांसा विलक्षण सूक्ष्मतेने ठरवते. पण विधी मुळातच अन्याय्य असेल तर काय, हा संशय तिच्या पाच पायऱ्यांच्या खालीच राहतो.

वाईच्या एका विद्यार्थ्याला मात्र तो संशय आला. लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म १९०१ चा, धुळ्याकडच्या पिंपळनेरचा. लहान वयात वाईला आले, नारायणशास्त्र्यांजवळ शिकले आणि १९२३ मध्ये कलकत्त्याची ‘तर्कतीर्थ’ पदवी मिळवली. १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधींनी अस्पृश्यतेविरुद्ध मोहीम उघडली आणि शास्त्राचा आधार घेऊन सनातनी पंडित पुढे आले. तेव्हा त्यांच्याच ग्रंथांतून त्यांना उत्तर द्यायला जे शास्त्री गांधींच्या बाजूला उभे राहिले, त्यांत तर्कतीर्थ होते. १६ जून १९३३ रोजी पुण्यात ‘पर्णकुटी’ बंगल्यात देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची मुलगी लक्ष्मी यांचे लग्न लागले. मुलगा वैश्य, मुलगी ब्राह्मण. स्मृतींच्या भाषेत हा प्रतिलोम विवाह, म्हणजे अनुलोमापेक्षाही निंद्य. पौरोहित्य केले तर्कतीर्थांनी.

पुढची मजल आणखी लांबची. मानवेंद्रनाथ रॉय यांच्या सहवासानंतर तर्कतीर्थांनी जडवादावर लिहिले, आणि १९४१ मध्ये ‘हिंदुधर्माची समीक्षा’ आले. धर्म हा माणसाने घडवलेला आहे आणि त्याची चिकित्सा इतर कोणत्याही मानवी निर्मितीसारखीच व्हायला हवी, ही त्यातली भूमिका. ही भूमिका घेणारा माणूस वाईतच राहत होता, प्राज्ञपाठशाळेच्या ‘धर्मकोशा’चे संपादन करत होता. धर्मकोशाचा पहिला खंड १९३७ मध्ये निघाला. त्याच वास्तूत त्याचे संन्यासी गुरू ‘मीमांसाकोश’ रचत होते. त्याचे सात खंड १९५२ पासून निघू लागले. स्वामी १९५५ मध्ये गेले, शेवटचा खंड १९६६ चा. शिष्य निरीश्वरवादाकडे झुकला म्हणून गुरूने त्याला घालवले नाही, आणि गुरू संन्यासी म्हणून शिष्याने संस्था सोडली नाही. महाराष्ट्रातल्या विचारांच्या इतिहासात इतकी वेगळी माणसे एका छपराखाली इतकी वर्षे नांदल्याचे दुसरे उदाहरण सहज आठवत नाही.

वाईचा विद्यार्थी आणि अमळनेरचा विद्यार्थी यांची गाठ पडली ती १९३२ मध्ये, धुळ्याच्या तुरुंगात. २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबांनी कैद्यांपुढे गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले, आणि साने गुरुजींनी ते जवळजवळ शब्दशः उतरवून घेतले. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक त्या टिपणांतून झाले. भारतातल्या बहुतेक भाषांत ते गेले, पण त्यातला पहिला रविवार नीतिशास्त्राच्या कोणत्याही वर्गात आजही चालेल असा आहे.

अर्जुन लढत नाही तो अहिंसेमुळे का? विनोबांचे म्हणणे, नाही. त्याने आधी किती लढाया केल्या होत्या. आता समोर आप्त आहेत म्हणून त्याला युद्ध पाप वाटू लागले. हे स्पष्ट करायला ते एका न्यायाधीशाचा दाखला देतात. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेला हा गृहस्थ. एके दिवशी खुनाच्या आरोपाखाली त्याचा स्वतःचाच मुलगा समोर येतो, आणि त्याला एकाएकी फाशीची शिक्षा अमानुष वाटू लागते. युक्तिवाद उत्तम आहेत, पण सुचले केव्हा?

इंग्लंडमध्ये विल्यम गॉडविनने १७९३ मध्ये याच गाठीला हात घातला होता. वाड्याला आग लागली आहे; आत एक थोर बिशप आणि त्याची दासी; एकालाच वाचवता येईल. दासी तुमची आई असली तर? गॉडविनचे उत्तर कोरडे होते: बिशपलाच वाचवा, ‘माझी’ या शब्दात अशी कोणती जादू आहे? विनोबांचा न्यायाधीश त्याहून कसलेला आहे, कारण त्याचा निष्कर्ष बरोबरही असू शकतो. फाशी खरोखरच अमानुष असेल. विनोबा निष्कर्ष तपासत नाहीत, तो कुठून आला ते तपासतात. श्रोत्यांत सत्याग्रही होते तसे त्यांच्यावर पहारा करणारेही, आणि हा प्रश्न दोघांनाही लागू होता.

ज्या माणसाने तो प्रश्न टिपून घेतला, त्याच्यावर पंधरा वर्षांनी स्वतःच त्याला सामोरे जाण्याची पाळी आली. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी महाराष्ट्रभर फिरले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. गांधींना ते पसंत पडले नाही. त्यांनी तारेने उपोषण सोडायला सांगितले. ज्याला आयुष्यभर मानले त्याची आज्ञा, आणि समोर बंद दार. गुरुजींनी उपोषण सोडले नाही. दहाएक दिवसांनी बडव्यांनी मंदिर खुले करायला मान्यता दिली आणि मगच ते सुटले.

पण उपोषण ही समजावणी की सक्ती? १९३२ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधी येरवड्यात उपोषणाला बसले, तेव्हा हा प्रश्न आंबेडकरांनी विचारला होता. त्यांच्यापुढे एका बाजूला आपल्या लोकांचे स्वतंत्र मतदारसंघ होते आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाचा जीव. पुणे करारावर सही करून आल्यावरही त्यांचे मत बदलले नाही: हा दबाव होता. पंढरपुरात दबाव उलट्या दिशेने होता, ज्यांच्या हाती किल्ल्या होत्या त्यांच्यावर. जे येरवड्यात अन्याय्य होते ते पंढरपुरात न्याय्य ठरते का, की साधन तेच असल्याने दोष दोन्हीकडे सारखा? मीमांसक इथे सामान्य आणि विशेष वेगळे करेल. सांख्य म्हणेल, दार उघडले ते पुण्य आणि जबरदस्ती झाली ते पाप, दोन्ही खात्यावर राहणार. ड्युईचा विद्यार्थी विचारेल की किल्ल्या कोणाकडे होत्या, आणि त्या त्याच्याकडे आल्या कशा.